हिरव्यात हिरवा चुडा

संपादकांनी मला बार्शीटाकळीला पाठवलं ते कालंका देवीच्या देवळासाठी. काळ्या दगडातलं ते जुनं देऊळ पाहिलं, खांब न्याहाळले, टिपणं झाली. परतताना एका फोटो स्टुडिओत शिरलो आणि संध्याकाळ तिथंच गेली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक नवरी हात जोडून उभी होती. लग्नाच्या गडबडीत देवळापर्यंत जाणं झालं नव्हतं, म्हणून तिचं चित्रण स्टुडिओतल्या हिरव्या कपड्यापुढं केलेलं. मागं देऊळ नंतर बसवायचं होतं. पण कपडा पुसताच तिची मनगटंही पुसली गेली. जोडलेले पंजे अधांतरी, आणि चुड्याच्या जागी देवळाचा काळा दगड.

"चुडा गेला ना कपड्यासंगं," तिथला तरुण म्हणाला.

'क्रोमा' नावाचं हे तंत्र माणूस ओळखत नाही, रंग ओळखतं. प्रत्येक ठिपक्यात हिरवा रंग लाल-निळ्याहून किती जास्त आहे ते मोजतं आणि ठराविक मर्यादेपलीकडचा भाग पारदर्शक करतं. रंगांच्या फरकाची ही रीत पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या 'बेन-हर' चित्रपटासाठी निळ्या पडद्यावर बसवली होती. पुढं डिजिटल कॅमेरे आले, त्यांच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे, म्हणून हिरवा सोयीचा ठरला. माणसाच्या कातडीत हिरवा फारसा नसतोही. मराठी नवरीच्या मनगटावर मात्र तो हमखास असतो.

आपल्याकडं याच अडचणीची एकानं कला केली होती. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या पडद्यापुढं काळा धागा ताणून वस्तू हवेत हलवल्या. काळ्यात काळं लपलं, म्हणून तर जादू झाली. 'काला धागा' हेच त्यांचं टोपणनाव पडलं. इथं जे लपलं, तेच परत आणायचं होतं.

"मग चुड्याशिवाय उभं करायचं होतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नवरीले चुडा उतरव म्हनू का? असं कोनी म्हनत असते का भाऊ?"

म्हणून तो मनगटांभोवती हातानं मास्क आखत होता. तेवढा भाग क्रोमातून वगळायचा, मूळ चित्रातून जसाच्या तसा घ्यायचा. तुकडा आठ सेकंदांचा. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २०० फ्रेम, आणि प्रत्येकीत दोन मनगटं. दर दहा फ्रेमला तो कड आखी. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर जुळवी, आणि त्या एकेक तपासून तो बिंदू सरकवी. बांगडी मोजून तो पुढं जाई. एकही कमी दिसता कामा नये, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अडचणी त्यापुढं सुरू होतात. बांगडी काचेची, तिच्यातून मागचा कपडा दिसतो, तिच्यावर त्याचा उजेडही पडतो. कपडा कुठला आणि काच कुठली, हे डोळ्यालाही ठरवता येत नाही. हात हलला की कड धूसर होते. साध्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ जागा वाचवायला उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा नोंदतो, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. त्यामुळं नेमकी रंगाची कड दातेरी निघते. त्यात मागं काळा दगड. केसांत उरलेली हिरवी झाक त्यावर लगेच उठून दिसते. ती मारायला हिरवा कमी करावा, तर चुडाच मळकट होतो.

माणसाची आकृती आपोआप ओळखणारी सॉफ्टवेअरं आता आली आहेत. त्यानं एक चालवून दाखवलं. नवरी क्षणात सुटी झाली, पण बांगड्या एका फ्रेमला होत्या, पुढच्या फ्रेमला अर्ध्या. घाईच्या गिऱ्हाइकाला तेवढं चालून जाईल, आणि मला काळजी वाटते ती या चालून जाण्याचीच. हे काम नीट झालं तर दिसत नाही; न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागायचे कसे?

कपडा नवरीपासून सहा फूट मागं, त्यावर वेगळा उजेड, आणि हिरव्याऐवजी निळा कपडा: पुढच्या वेळची सोय त्यानं ठरवून ठेवली आहे. या नवरीचं चित्रण मात्र होऊन गेलं होतं.

मी उठलो तेव्हा तो एकसष्टाव्या फ्रेमवर होता. डाव्या हातातल्या तिसऱ्या बांगडीची कड सुटलेली दिसली, आणि तो परत साठाव्यावर गेला.