दार उघडायचं की नाही, ती ठरवणार

बारामतीत हॉस्टेलला किंवा कॉट बेसिसवर राहत असाल, तर तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात तो असणारच. केसासारखे लांबलचक पाय, मध्ये इवलंसं अंग, जाळ्यात उलटा लटकलेला. जरा धक्का लागला की गरगर हलायला लागतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या रूमवरच्या एकाचा फोटो ग्रुपवर पडला आणि दोन मिनिटांत फॉरवर्ड आला: 'हा जगातला सगळ्यात विषारी कोळी आहे, फक्त त्याचे दात माणसाच्या कातडीत शिरत नाहीत.' रूममेट चप्पल घेऊन तयारच होती.

फॉरवर्ड खोटा आहे. हा फोल्सिड कुळातला साधा घरकोळी, माणसाला काहीही करत नाही. पण खरं सांगायचं तर या अफवेनंच माझी एका भलत्याच प्राण्याशी गाठ घालून दिली. इंग्रजीत या कोळ्याला 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणतात आणि तेच नाव आणखी एकाला आहे. तो म्हणजे हार्वेस्टमन. त्याचाही विषाच्या अफवेशी काही संबंध नाही, कारण त्याला विषग्रंथीच नसतात. युरोपात तो सुगीच्या दिवसांत जास्त दिसायचा, म्हणून हे नाव. आपल्याकडे असता तर एखाद्यानं 'ऊसतोड्या' म्हटलं असतं!

दोघांना ओळखणं सोपं आहे. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग दिसतात, मध्ये कंबर असते. हार्वेस्टमनला कंबरच नाही. सगळं अंग मिळून एकच मणी आणि त्याला आठ पाय. तो जाळं विणत नाही, कारण त्याच्याकडे रेशीमच नाही. डोळे दोनच, बहुतेकदा पाठीवरच्या एका उंचवट्यावर बसवलेले. फार त्रास दिला तर एखादा पाय तोडून ठेवतो आणि निघून जातो. तो पाय पुन्हा उगवत नाही.

आमच्या इंदापूरच्या उन्हात हा प्राणी शोधत बसू नका. त्याला ओल हवी. मी पहिला पाहिला तो जुलैत, भीमाशंकरच्या जंगलात, शेवाळलेल्या खोडावर. मी 'कोळी, कोळी' म्हणून ओरडले, सगळे हसले. घरी येऊन वाचत बसले आणि जे वाचलं त्यानं कान गरम झाले.

आता थोडं मागे जाऊ. दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा आठवतोय? आमच्या मॅडमनी 'हा घरी वाचा' म्हणून पुढचा धडा घेतला होता. मागच्या बाकावरची मुलं खिदळली, आम्ही मुलींनी पुस्तक मिटलं. मला वाटतं, तुमच्यापैकी निम्म्यांचं असंच झालं असेल. तर आज तो धडा इथे वाचू, आठ पायांच्या प्राण्याच्या निमित्तानं.

सुरुवात आपल्या ओळखीच्यांपासून. कोळ्याच्या नराला शिश्न नसतं. तो एक छोटंसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो, मग तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांत, म्हणजे पाल्पमध्ये, तो भरून घेतो आणि मादीकडे जातो. पिचकारी भरून रंगपंचमीला निघाल्यासारखं. विंचवाचं आणखी वेगळं. बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, सुपे-मोरगावकडच्या मुरमाड माळावर दगड उचलला की विंचू निघतो, हे तिकडच्या कुणालाही विचारा. त्यांचा नर मादीचे नांगे आपल्या नांग्यांत धरतो, तिला मागेपुढे चालवतो, वीर्याची एक छोटी कुपी जमिनीवर चिकटवतो आणि तिला बरोबर त्यावर आणतो. पुढे पिल्लं थेट जन्मतात आणि आईच्या पाठीवर चढतात. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. भारतातल्या विंचवांवरचा मोठा ग्रंथ १९८३ साली बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तावडे यांनी लिहिला. हे दोघंही पुण्यातल्या प्राणी सर्वेक्षण विभागाच्या केंद्रात काम केलेले.

हार्वेस्टमन मात्र या सगळ्या भावकीत वेगळा. त्याच्या बहुतेक जातींत नराला खरंखुरं शिश्न असतं आणि ते थेट मादीच्या शरीरात जातं. मादीकडेही तोडीस तोड अवयव आहे: अंडी घालायची लांब नळी. एरवी ती आत घडी घालून ठेवलेली, वेळ आली की बाहेर येते आणि मातीच्या भेगेत, सालीखाली अंडी ठेवते. दोघांच्याही जननछिद्राचं दार पोटाच्या खालच्या बाजूला, पण तोंडाच्या जवळ, अगदी पुढे असतं. म्हणून मीलन समोरासमोर होतं. नर पाल्पनी मादीला पुढून धरतो आणि शिश्न पुढे करतो. काही गटांत ते स्नायूंनी हलतं, काहींत आतल्या द्रवाच्या दाबानं, जेसीबीच्या हातासारखं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिला ते. अमेरिकेत लायोबुनम नावाच्या हार्वेस्टमनचा मोठा गट आहे. त्यातल्या काही जातींत नराच्या शिश्नावर छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत मादीला देण्यासाठी खाऊ असतो. आधी खाऊ, मग पुढचं. दुसऱ्या काही जातींत या पिशव्या नाहीशा झाल्या आहेत. मग तिथे नर जबरदस्ती करतो का? मर्सिडीज बर्न्स आणि सहकाऱ्यांनी नर-मादी दोघांचेही अवयव शेजारी ठेवून पाहिले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला. जिथे नराचा खाऊ गेला, तिथे मादीच्या जननदारापुढे कडक अडसर आलेला दिसतो. म्हणजे तिकडे नराचं शिश्न बदलत गेलं, तसं इकडे तिचं दारही मजबूत होत गेलं.

हे वाचून मी थांबले. कारण प्राण्यांच्या मीलनाबद्दल जे काही आपण डिस्कव्हरीवर पाहतो त्यात नर लढतो, नर जिंकतो, मादी बाजूला उभी. संशोधनातही हेच होत आलं. हार्वेस्टमनची जात पक्की करायला नराचं शिश्न सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यामुळे त्याची चित्रं ढीगभर. प्राण्यांच्या जननेंद्रियांवरच्या अभ्यासांत मादीकडे फार कमी पाहिलं गेलंय, हे २०१४ मध्ये काही संशोधकांनी शोधनिबंध मोजून दाखवलं. अर्धाच धडा वाचायचा आणि पेपर द्यायचा, असा प्रकार. (आमच्या मॅडम एकट्या नव्हत्या तर.)

पनामातली एक जात तर आपल्या लग्नाळू घरांना झीट आणेल. तिथे नर झाडाच्या खोडावर चिखलाचं छोटं घरटं बांधतो आणि त्यात बसून राहतो. मादी स्वतः चालत येते, तीच त्याला पटवते, अंडी घालते आणि निघून जाते. मुंग्यांपासून, बुरशीपासून अंडी जपायचं काम बाबांचं. जपानमध्ये अशाही जाती आहेत की जिथे नर फारच कमी सापडतात आणि माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून पिल्लं निघतात.

'हे सगळं आत्ताचं फॅड' असं कुणी म्हणालं तर त्याला स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावचा दगड दाखवा. तिथे सापडलेल्या हार्वेस्टमनच्या जीवाश्माचं वय आहे चाळीस कोटी वर्षांहून जास्त. दगडाचे पातळ काप काढले तर आत नराचं शिश्न आणि मादीची अंडनळी, दोन्ही जशीच्या तशी. तेव्हा डायनोसॉरही नव्हते.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला आपण पाचला उठून जातो, कडबनवाडीला चिंकारासाठी दुर्बीण लावतो. या पावसाळ्यात सह्याद्रीत जाल तेव्हा एखाद्या ओल्या खोडावरही टॉर्च मारा. एकच मणी आणि आठ पाय दिसले तर फोटो काढा, वरून आणि बाजूने. हात लावू नका, काही जाती घाण वासाचा द्रव सोडतात आणि वर त्याचा पायही जायचा.

आणि बाथरूममधला तो? त्याला मी आता 'ती' म्हणते. परवा नीट पाहिलं तर तिच्या तोंडात अंड्यांचा एक गोल गठ्ठा होता. या कोळ्यांच्या माद्या पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी तोंडात धरून बसतात. रूममेटला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, 'म्हणजे आता मावशींना सांगावं लागणार, या कोपऱ्यातली जळमटं काढू नका.' सांगितलंय. मावशी म्हणाल्या, 'पोरींनो, बऱ्या आहात ना?'