केटामाईन उपचार : कोणता मार्ग निवडावा?

दोन औषधे देऊनही न हटणाऱ्या नैराश्यावर अमेरिकेत केटामाईनचा उपचार केला जातो. मुळात हे भूल देण्याचे औषध असून तेथे त्यास १९७० साली मान्यता मिळाली. त्याचे तीन प्रमुख प्रकार आम्ही येथे समजावून देत आहोत.

पहिला, शिरेवाटे. वजनाच्या दर किलोमागे साधारणतः ०.५ मिलिग्रॅम औषध ४० मिनिटांत सोडतात. मात्र नैराश्यासाठी ह्या वापरास तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाही. म्हणून विमा कंपन्या बहुधा खर्च देत नाहीत.

दुसरा, एस्केटामाईनचा नाकातील फवारा. त्यास २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तो प्रमाणित केंद्रातच घ्यावा लागतो. नंतर किमान २ तास देखरेख असते व दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालवता येत नाही.

तिसरा, घरी घेण्याच्या गोळ्या. ह्याबद्दल प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला. कारण रक्तदाब वाढला वा श्वास मंदावला, तर लक्ष ठेवणारे जवळ कोणी नसते.

तेव्हा केवळ खर्च व सोय पाहून निवड करू नये. रक्तदाब, हृदयविकार वा व्यसन असल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मात्र निवडीत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.