सीओपीडी असेल तर हृदयविकाराचा धोका कसा ओळखावा?

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. या रुग्णांना हृदयविकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर फुफ्फुसांप्रमाणेच रक्तवाहिन्यांनाही इजा करतो. शिवाय रक्तातील ऑक्सिजन कमी पडला की हृदयावर ताण येतो.

धोक्याचा अंदाज कसा काढतात?

वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि धूम्रपान यांवरून पुढील १० वर्षांतील धोका टक्केवारीत काढला जातो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम स्कोअर ही त्यातली जुनी पद्धत. तिच्यात सीओपीडी धरलेलाच नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या क्यूआर४ या पद्धतीत तो धरला आहे.

म्हणूनच वर्षानुवर्षे चुलीवर स्वयंपाक केलेल्या, पण कधीही धूम्रपान न केलेल्या महिलेचा आकडा कमी येऊ शकतो आणि खरा धोका त्याहून जास्त असू शकतो. आकडा कमी आला तरी निर्धास्त राहू नका. हा आकडा सीओपीडी धरून काढला आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

धोका कधी वाढतो?

खोकला, कफ आणि धाप अचानक वाढल्यानंतरचे काही आठवडे हार्ट अटॅकचा धोका जास्त असतो. दवाखान्यातून घरी आल्यावरही लक्ष ठेवा. प्रत्येक वेळी ‘दम लागतोय, म्हणजे फुफ्फुसाचंच असणार’ असे समजू नका.

• आडवे झाल्यावर धाप लागणे किंवा पायांवर सूज येणे : लवकर डॉक्टरांना दाखवा.
• छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, थंड घाम : वाट पाहू नका, महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

काय करावे?

• रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासा. ईसीजी किंवा टू-डी इको लागेल का, हे डॉक्टर ठरवतील.
• धूम्रपान पूर्ण बंद करा. घरातील धूर कमी करा.
• फ्लूच्या लसीबद्दल विचारा.
• हृदयासाठीच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्या सीओपीडीतही देता येतात. श्वासाच्या भीतीने त्या स्वतःहून बंद करू नका.
• हृदयाच्या डॉक्टरांना इनहेलर दाखवा आणि छातीच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या. दोघांना पूर्ण माहिती असली, तरच धोक्याचा अंदाज खरा ठरतो.