रॉबर्ट स्टीफन्सन : पूल, पार्लमेंट आणि सुएझ

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने तो लोहमार्ग बांधला, तिचा विलायतेतील सल्लागार इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन हा होता, आणि मुंबईस प्रत्यक्ष काम पाहणारा जेम्स बर्कले हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. हा थोर स्थापत्यविशारद आयुष्याची अखेरची बारा वर्षे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासदही होता. त्याचे चरित्र त्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे.

रॉबर्टचा जन्म १६ ऑक्टोबर १८०३ रोजी न्यूकॅसल शहरानजीक झाला. त्याचा बाप जॉर्ज हा कोळशाच्या खाणीवर इंजिन चालवीत असे आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यास अक्षरओळखही नव्हती. आपल्या अज्ञानाचा जाच मुलास होऊ नये म्हणून त्याने रॉबर्टला चांगल्या शाळेत घातले. न्यूकॅसलच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तके मुलाने वाचावी आणि बापाने ती समजून घ्यावी, असा त्या घरचा परिपाठ होता. पुढे रॉबर्टने एडिंबरो विद्यापीठात सुमारे सहा महिने अध्ययन केले. विद्यापीठाचे शिक्षण त्यास एवढेच काय ते मिळाले.

१८२३ साली न्यूकॅसल येथे इंजिने बनविण्याचा कारखाना निघाला, तो रॉबर्टच्याच नावाने. १८२९ च्या रेनहिल येथील स्पर्धेत जिंकलेले 'रॉकेट' हे सुप्रसिद्ध इंजिन याच कारखान्यातले. त्याचे श्रेय लोक बापास देतात. पण ते घडविण्यात मुलाचा वाटा फार मोठा होता. १८३३ साली लंडन ते बर्मिंगहॅम या ११२ मैलांच्या मार्गाचा तो मुख्य इंजिनिअर झाला. किल्सबीच्या बोगद्यात वाळूतून पाण्याचे लोट आले, तेव्हा सुमारे दीड वर्ष पंप अहोरात्र चालवून त्याने ते पाणी उपसले आणि १८३८ साली मार्ग पुरा केला.

१८४७ हे साल त्याच्या आयुष्यात मोठ्या कसोटीचे ठरले. २४ मे रोजी चेस्टर शहराजवळ डी नदीवर त्याने बांधलेल्या पुलाची ओतीव लोखंडाची तुळई आगगाडीखाली मोडली आणि पाच माणसे प्राणास मुकली. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, परंतु ताण पडला की एकाएकी तडकते. घडीव लोखंडाचे तसे नाही. या अपघातानंतर सरकारने लोखंडी बांधकामांच्या चौकशीसाठी आयोग नेमला.

त्याच सुमारास मेनाई सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाचे काम चालू होते. आगगाडी घडीव लोखंडाच्या प्रचंड चौकोनी नळीतून जावी, अशी त्याची योजना होती. मधले दोन गाळे प्रत्येकी ४६० फूट लांबीचे. एवढ्या लांबीवर केवळ तर्काने विसंबणे धोक्याचे होते. म्हणून फेअरबेर्न या कारखानदाराने एक षष्ठांश आकाराची प्रतिकृती मोडेपर्यंत वजन लादून पाहिली आणि हॉजकिन्सन या गणितज्ञाने त्या प्रयोगांचा हिशेब मांडला. दीड हजार टनांहून अधिक वजनाच्या नळ्या पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रांनी उचलताना स्टीफन्सनने एक दंडक घातला होता : नळी इंचभर वर गेली की तिच्याखाली लगेच आधार भरावा. १८४९ च्या ऑगस्टमध्ये एक यंत्र फुटले. पण त्या आधारामुळे नळी काही इंचच खाली आली. ५ मार्च १८५० रोजी पूल खुला झाला.

१८४७ सालीच व्हिटबी या बंदराच्या मतदारसंघातून हुजूरपक्षाचा सभासद म्हणून तो कॉमन्स सभेत गेला. तेथे तो क्वचितच बोले. पण सुएझच्या कालव्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याच्या शब्दास मोठे वजन आले. १८४६ साली पॅरिसमध्ये कालव्याच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या मंडळातही तो होता. तांबडा समुद्र भूमध्य समुद्राहून सुमारे तेहतीस फूट उंच आहे, असा नेपोलियनच्या वेळचा समज १८४७ च्या मोजणीने खोटा ठरला. दोन्ही समुद्र जवळजवळ एकाच पातळीवर, मग प्रवाह कोठला? प्रवाह नाही तर कालवा गाळाने भरणार, अशी त्याची विचारसरणी. पुढे अलेक्झांड्रिया ते कैरो हा लोहमार्ग त्यानेच बांधला. साहजिकच जुलै १८५७ मध्ये मुख्य प्रधान पामर्स्टन यांनी कालव्याविरुद्ध तोफ डागली, तेव्हा स्टीफन्सनने त्यांस दुजोरा दिला. जून १८५८ मध्ये तो पुन्हा तसाच बोलला.

त्याची शंका अगदीच पोकळ नव्हती. सुएझमधील गाळ उपसावाच लागतो. परंतु वाफेची यंत्रे तो उपसू शकतील, हे त्याने हिशेबात धरले नाही. मेनाईच्या पुलापाशी त्याचे मत प्रयोगाच्या तराजूत तोलले गेले होते. कॉमन्स सभेत प्रयोगशाळा नव्हती. तेथे तज्ज्ञाचे मत राजकारणाच्या हाती सापडले आणि इंग्लंडचा विरोध शास्त्रशुद्ध भासू लागला.

मनाने मात्र हा पुरुष उदार होता. रुळांच्या रुंदीच्या वादात ब्रुनेल त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. तरी मेनाईची नळी पाण्यावर तरंगत नेली, त्या दिवशी ब्रुनेल त्याच्या शेजारी उभा होता. १८५८ चा नाताळ दोघांनी कैरोत एकत्र साजरा केला. पुढल्याच वर्षी, १५ सप्टेंबरला ब्रुनेल आणि १२ ऑक्टोबरला स्टीफन्सन, असे दोघेही निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये टेलफर्ड या पूर्वसूरीशेजारी त्याचे दफन झाले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचा विलायतेशी जलमार्ग सुमारे चार हजार मैलांनी कमी झाला. १८७० साली मुंबईहून कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग जोडला गेला. मुंबईच्या भरभराटीस हे दोन्ही मार्ग कारण झाले : एकाच्या आरंभास स्टीफन्सनचा सल्ला लाभला होता, आणि दुसरा त्याचा सल्ला डावलून झाला.