खडकवासल्याच्या कांठीं एक दिवस

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर, खडकवासल्याचा जलाशय आहे. पुणेकरांस समुद्र नाहीं. म्हणून त्यांनीं या जलाशयाच्या कांठासच 'चौपाटी' असें नांव दिलें. सुट्टीच्या दिवशीं तेथें भाजलेलीं कणसें, कांदाभजीं आणि चहा यांचा थाट असतो. समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि मुलांच्या पायांना एकच ओढ, ती पाण्यांत उतरण्याची! या ओढीविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

चौपाटी हें नांव येथें फसवें आहे. समुद्राच्या लाटा वाळू पसरून किनारा उतरता करतात. तेथें पाऊल बहुधा क्रमाक्रमानें खोल जातें. खडकवासला हें मात्र मुठा नदीचें अडविलेलें खोरें होय. १८७० च्या दशकांत इंग्रज सरकारनें येथें दगडी बांध घातला. कर्नल फाइफ यांच्या नांवावरून जलाशयास 'लेक फाइफ' म्हणत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें, तेव्हां त्या लोंढ्यानें हा बांधही भेदला. तो पुढें दुरुस्त करण्यांत आला. सारांश, आपण ज्यास तळ म्हणतों, ती खोऱ्याची उतरण, नाल्यांच्या घळी आणि नदीचें जुनें पात्र होय. गुडघाभर पाण्यांतील माणसाचें पुढचें पाऊल पुरुषभर खोलींत पडूं शकतें. वर गाळ, त्यांत रुतलेला पाय लवकर निघत नाहीं.

डोळाही येथें दगा देतो. पाण्यांतून बाहेर येतांना प्रकाशकिरण वांकतात, म्हणून वरून पाहणाऱ्यास चार फूट पाणी तीनच फूट भासतें. शिवाय गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें. तें शरीरास तितकें उचलून धरीत नाहीं.

कोणी बुडूं लागल्यास मागोमाग उडी घेऊं नये. घाबरलेल्याची मिठी पट्टीच्या पोहणाऱ्यासही सोडवत नाहीं. कांठावर पालथें पडून काठी, दोर किंवा गांठी मारलेल्या ओढण्या फेंकाव्या. बाहेर काढलेल्यास उलटें टांगण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तींत अमोल क्षण जातात. श्वास बंद असेल तर तोंडानें श्वास भरावा, छाती दाबावी, आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकास फोन करावा. धरणाखालच्या पात्रांतही पावसाळ्यांत बसूं नये; दरवाजे उघडले कीं कोरडा खडक पाहतां पाहतां पाण्याखालीं जातो.

मग तेथें जावयाचेंच नाहीं काय? अवश्य जावें. दुपारीं जमीन पाण्याआधीं तापते, तिच्यावरची हवा वर चढते, आणि पाण्यावरचा गार वारा कांठाकडे येतो. त्याच्यासाठीं पाण्यांत उतरावें लागत नाहीं. मात्र कणसाचें बुरकुंड आणि खाऊचे कागद पिशवींत घालून परत आणावे. हेंच पाणी शुद्ध करून पुण्याच्या नळांना सोडतात. आपण कांठावर जें टाकूं, तें आपल्याच माठाच्या वाटेवर टाकलें, असें समजावें.