चिकन बंद करू नका, तेल मोजा: घरच्या घरी कमी तेलातलं चविष्ट चिकन

“डॉक्टर, म्हणजे आता चिकन बंद?”

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं, की भिवंडीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणारे काका यंत्रमागावर रात्रपाळी करणारे असोत किंवा गोदामात हिशेब ठेवणारे; त्यांच्या घरी रविवार म्हणजे चिकन.

पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण चिकन पूर्ण सोडतात आणि त्याची जागा फरसाण, वडापाव आणि जास्तीचा भात घेतात. बाकीच्यांच्या घरी गॅसवर दोन पातेली चढतात: घरच्यांसाठी नेहमीचा रस्सा आणि ‘पेशंट’साठी मीठ-हळदीत उकडलेलं चिकन. हे उकडलेलं चिकन दोन-तीन रविवार चालतं. नंतर माणूस गुपचूप मोठ्या पातेल्याकडे वळतो.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. वेगळं पातेलं नको, घरचं पातेलंच बदला. चव राखून ते कसं करायचं, ते या लेखात पाहू.

पातेल्यात फॅट येतं कुठून?

चिकनमधून प्रथिनं चांगली मिळतात. १०० ग्रॅम कच्च्या मांसात ती साधारण २० ग्रॅम असतात. फॅट सगळ्यात कमी ब्रेस्टमध्ये असतं, लेग आणि थाईमध्ये त्याहून जास्त. कातडी आणि तिच्याखालची पिवळी चरबी यांत ते सर्वाधिक असतं. कातडी काढून घेतली आणि शेपटीजवळचे चरबीचे गोळे दुकानदाराला काढायला सांगितले, की कोंबडीतलं बरंचसं फॅट दुकानातच राहतं.

उरलेलं फॅट आपण स्वतः घालतो. एक किलो चिकनसाठी अर्धी वाटी तेल आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस हे अनेक घरांतलं नेहमीचं प्रमाण. अर्धी वाटी तेलात जवळपास ६८ ग्रॅम फॅट असतं. सुक्या खोबऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन फॅटचंच असतं आणि ते बहुतांश संतृप्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारं. त्यातून आणखी सुमारे २५ ग्रॅम येतं. पाच माणसांत वाटलं, तर प्रत्येकाच्या ताटात साधारण १९ ग्रॅम फॅट फक्त वरून घातलेलं.

आता तीन छोटे चमचे तेल आणि दोन मोठे चमचे कीस घेतला, तर हाच आकडा माणशी ४ ग्रॅमवर येतो. पूर्ण पातेल्यातून सुमारे ६५० कॅलरी कमी होतात.

तुलनेसाठी सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० कॅलरींच्या आहारात दिवसभरासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात हे महिन्याला साधारण साडेतीन लिटर होतं. तुमच्या घरी किती लागतं, ते एकदा किराण्याच्या यादीत बघा.

चव तेलात असते का?

थोडी असते, हे खरं आहे. मिरचीचा रंग आणि मसाल्याचा बराचसा सुगंध तेलात उतरतो. म्हणून तेल शून्यावर आणायचा हट्ट मी धरत नाही. पण त्यासाठी तीन चमचे पुरतात. त्यापुढचं तेल तर्री म्हणून वर तरंगतं. बाकीची चव भाजण्यातून, आंबटपणातून आणि मुरवण्यातून येते.

* कांदा तळण्याऐवजी भाजा. अख्खा कांदा आणि खोबऱ्याचा तुकडा थेट विस्तवावर भाजण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. वरचं करपलेलं साल काढून टाका. आतल्या कांद्याला गोडवा आणि धुरकट वास येतो, तोही तेलाशिवाय.
* दाटपणासाठी डाळं वापरा. खोबरं आणि काजू कमी करून दोन चमचे डाळं, म्हणजे भाजलेली चणाडाळ, वाटणात घाला. रस्सा मिळून येतो.
* मसाला परतताना पाणी शिंपडा. मसाला खाली लागायला लागला की तेल न ओतता चमचाभर गरम पाणी घाला. ‘तेल सुटेपर्यंत’ थांबू नका, कच्चा वास गेला की झालं.
* आधी मुरवा. दही, आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून किमान अर्धा तास ठेवा. जास्त वेळ ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये. ब्रेस्टमध्ये फॅट कमी असल्यामुळे ते लवकर कोरडं पडतं. मुरवल्याने ते मऊ राहतं. तरीही ते लेगच्या तुकड्यांनंतर घाला.
* झाकणावर पाणी ठेवा. खोलगट झाकणात पाणी ठेवलं की वाफ आत राहते. चिकन स्वतःच्या रसात शिजतं आणि खाली लागत नाही.

रविवारचा रस्सा (पाच जणांसाठी)

साहित्य: कातडी काढलेलं चिकन १ किलो, घुसळलेलं दही अर्धी वाटी, मध्यम कांदे ३, सुक्या खोबऱ्याचा कीस २ मोठे चमचे, डाळं २ मोठे चमचे, आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबीर यांचं वाटण, घरचा आगरी किंवा गरम मसाला घातलेला कोणताही तिखट मसाला २ मोठे चमचे, हळद, तेल ३ छोटे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, आमसुलं ३-४.

१. चिकनला दही, हळद, मीठ आणि अर्धं हिरवं वाटण लावून ठेवा.
२. दोन कांदे विस्तवावर भाजा. खोबऱ्याचा कीस कोरड्या तव्यावर बदामी करा. हे डाळ्यांबरोबर बारीक वाटून घ्या.
३. जाड बुडाच्या पातेल्यात मोजून तेल घ्या. तिसरा कांदा बारीक चिरून, पाणी शिंपडत लालसर परता. उरलेलं हिरवं वाटण घाला. आच मंद करून मसाला घाला, म्हणजे तो करपणार नाही.
४. चिकन घालून पाच मिनिटं परता. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं शिजवा.
५. भाजलेलं वाटण, झाकणावरचं गरम पाणी आणि आमसुलं घालून आणखी १०-१५ मिनिटं उकळा. हाडाजवळचं मांस गुलाबी राहता कामा नये.

गावठी कोंबडी असेल तर शिजायला बराच जास्त वेळ द्या. रस्सा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला, तर वर आलेलं फॅट पळीने सहज काढता येतं. आणि मुरलेला रस्सा जास्त चविष्ट लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तेल नसलेलं चिकन आपल्याला नवीन नाही

रायगडातली थंडीतली पोपटी आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि मसाला लावलेलं चिकन. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. शेंगा आणि मांसातून सुटलेल्या वाफेवर सगळं शिजतं. हे खाताना आपण पथ्य पाळतोय, असं कुणालाही वाटत नाही.

घरी याची साधी आवृत्ती करता येते. जाड पातेल्याच्या तळाशी केळीचं पान घाला. वालाच्या शेंगा, बटाट्याच्या फोडी आणि मसाला मुरवलेलं चिकन यांचे थर द्या. ओवा-मीठ भुरभुरा, चार चमचे पाणी शिंपडा, वरून पुन्हा पान आणि घट्ट झाकण. मंद आचेवर साधारण ४० मिनिटं.

ताटाकडेही बघा

चिकनमधलं तेल कमी झालं आणि सोबत तीन तांदळाच्या भाकऱ्या व वर भात घेतला, तर ट्रायग्लिसराइड आणि साखर खाली येणार नाहीत. भाकरी किंवा भात यांपैकी एकच निवडा. चिकनचे तीन-चार तुकडे, आणि ताटाचा अर्धा भाग काकडी, कांदा, कोबी किंवा पालेभाजीचा असू द्या. सोबत कोल्ड्रिंक नको.

तेल कमी झाल्यावर चव भरून काढायला मीठ वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं. त्याऐवजी लिंबू, आमसूल, कोथिंबीर वापरा.

कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. धुवायचंच असेल तर भांड्यात हलक्या हाताने धुवा. नंतर हात, सुरी आणि पाट साबणाने स्वच्छ करा. सॅलडसाठी सुरी-पाट वेगळे ठेवा.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावं

* किडनीचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं आणि मिठाचं प्रमाण विचारून घ्यावं.
* युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर कलेजी-पेटा टाळावा.
* दोन वर्षांखालच्या बाळांचं तेल-तूप कमी करू नये. त्यांच्या वाढीसाठी ते लागतं.
* कोलेस्टेरॉल किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर आहार बदलला म्हणून ती स्वतःहून बंद करू नये.

येत्या रविवारी एकच गोष्ट करा. बाटलीतून थेट तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घाला. पहिल्याच वेळी तीन चमच्यांवर आलं नाही तरी चालेल. नेहमीच्या निम्मं करा, पुढच्या आठवड्यात आणखी कमी. स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही दुसरं पातेलं घासावं लागणार नाही आणि पंगतीत कुणी एकटा ‘पेशंट’ म्हणून बसणार नाही. असं जेवण वर्षानुवर्षं टिकतं आणि रिपोर्टवर परिणाम टिकणाऱ्या जेवणाचाच होतो.