कुंपणापलीकडचा नर रातांबा



गेल्या डिसेंबरात आपल्या एका गटाच्या मासिक बैठकीला गेले, तर दोघीजणी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. बचत जमा झाली, हप्ते झाले, पण या दोघींचा एक शब्द नाही. शेवटी सीआरपी ताईंनी हळूच सांगितलं, "रातांब्यावरून वाजलंय."

प्रकरण असं होतं. काकींच्या परसात ३ रातांबे, दरवर्षी लाल होऊन लगडणारे. काकी एकट्या राहतात. आमसूल आणि आगळ विकूनच त्यांचा पावसाळ्याचा किराणा भरला जातो. गडग्याच्या पलीकडे वहिनींचा एकच रातांबा. फुलतो भरपूर, फळ मात्र एक नाही. वहिनींनी ठरवलं, हे वांझ झाड तोडायचं, चुलीला लाकूड होईल आणि जागाही मोकळी होईल. ('वांझ' हा शब्द मला झाडाला लावलेलासुद्धा आवडत नाही, पण तो पुढचा विषय.) काकी म्हणाल्या, तोडू नको, तो नर आहे. वहिनी म्हणाल्या, तुमच्या आमसुलांसाठी मी माझी जागा का अडवून ठेवू? पाला मी झाडायचा आणि पैसे तुम्ही घ्यायचे?

मी मूळची घाटावरची. एमएसडब्ल्यूला वाद कसा मिटवायचा ते शिकवलं होतं, रातांब्याचा नर कसा ओळखायचा ते नव्हतं. म्हणून आधी माहिती काढली. काकींचं म्हणणं बरोबर होतं.

रातांब्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराला फुलं घोसाने येतात आणि फुलाच्या मधे पिवळ्या केसरांचा गोळा दिसतो. मादीच्या फुलात मधे बारीक हिरवट गाठ असते, तिचंच पुढे फळ होतं. बी लावून आलेलं झाड नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्यात बरीच वर्षं जातात. मादीला चांगलं फळ धरायचं तर आसपास नराची फुलं हवीत. म्हणूनच मादीची कलमं लावणाऱ्यांनाही सोबत थोडे नर ठेवायला सांगतात. म्हणजे वहिनींच्या झाडाचं फळ लागत होतं, फक्त ते काकींच्या परसात लागत होतं.

पण वहिनींचा प्रश्नही खोटा नव्हता ना! झाड राखायचं त्यांनी आणि मिळायचं काहीच नाही, हे किती दिवस चालेल?

दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं: नर तोडायचा नाही. वहिनींनी रातांबे काढायला, फोडायला यायचं आणि तयार आमसुलाचा तिसरा हिस्सा न्यायचा. बिया आणि आगळ काकींचं. काकींना आधी हे जड गेलं, खरं सांगते. पण मे महिन्यात त्यांनाच फरक दिसला. साल वेगळी करायची, रसात मीठ घालून तिला पुटं द्यायची, पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायची, आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आत. दरवर्षी एकटीने हे उरकत नसे आणि उरलेले रातांबे झाडाखाली कुजत. यंदा तसे कुजले नाहीत.

हे फक्त रातांब्याचं नाही. आंब्यावरचं बांडगूळ घ्या. त्याची चिकट बी पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तुम्ही तुमचा आंबा साफ केलात आणि शेजारचा तसाच राहिला, तर ते परत आलंच म्हणून समजा. त्याची फळं पिकायच्या आधी, सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात काढायचं. वरवर ओरबाडू नका, जिथे ते चिकटलंय त्याच्या थोडं खालून फांदी कापा. फळमाशीचंही तेच. सडक्या आंब्यातल्या अळ्या मातीत उतरतात, तिथून माशी होऊन आधी शेजारच्या फळावरच जातात. पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायला हवीत, मग ती कोणाच्याही झाडाची असोत.

आता बंद घरांचं. मालक मुंबईला, आणि परसातले फणस खाली पडून माश्या घोंगावतायत, हे प्रत्येक वाडीत आहे. तिथे शेजारणीने न विचारता फळ उतरवू नये, भांडण तिथूनच सुरू होतं. फोन करावा, वाटा ठरवावा आणि "चालेल" असा मेसेज मागून जपून ठेवावा. उंच झाडावर पाडेकरी लावला तर त्याची मजुरी आधी वजा करायची, मग वाटे. ओल्या झाडावर कोणालाच चढवू नका. विजेची तार जवळ असेल तर झेलाही लावू नका.

एक भीती मला जवळजवळ प्रत्येक गटात ऐकू येते: आज वाटा दिला, उद्या झाडावर हक्क सांगतील. भाऊबंदकीत पोळलेल्या घरात ही भीती खरी असते. म्हणून सगळं इतिवृत्ताच्या वहीत लिहा: झाड कोणाचं, राखणार कोण, काढणार कोण, वाटा किती, किती वर्षांसाठी, आणि झाडाची व जागेची मालकी जिची तिचीच राहील हे वाक्य. खाली दोघींच्या सह्या. आपल्या त्या गटाने १ वर्षासाठीच लिहिलंय.

ते वर्ष या डिसेंबरात संपतंय. वहिनी आता तिसऱ्याऐवजी अर्धा हिस्सा मागतायत, काकी अजून "बघू" म्हणतायत. दोघी बसतात मात्र एकाच सतरंजीवर.